तीन पंख्यांचं कार्ड

कार्ड म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पाकिटात मावणारं, खिशात मावणारं, फार तर पुस्तकात खुणेसाठी घालून ठेवायचं काहीतरी. म्हणूनच सर ते आणायला निघाले तेव्हा शर्टाचा वरचा खिसा रिकामा करून निघाले. पेन, चष्म्याचं घर, ओळखपत्र आणि खडूचे दोन तुकडे त्यांनी टेबलावर काढून ठेवले.

"वाकायला नको. नाजूक वस्तू आहे," त्यांनी बायकोला सांगितलं.

सर म्हणजे विज्ञानाचे सर. शाळा सुटली होती, पण खडू सुटले नव्हते. कपडे धुवायला टाकताना ते अजून खिशात सापडत. सगळी इमारत त्यांना सरच म्हणायची. बायको एरवी 'अहो' म्हणे, पण रागावली की तीही 'सर' म्हणे, आणि मग सरांना घरातल्या घरात जरा लांब जाऊन बसावंसं वाटे.

कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवरच्या कारकुनाने पाकिटांचा अख्खा गठ्ठा चाळला.

"नाही हो तुमचं."

"नीट बघा. ग्राफिक्स कार्ड आहे."

"कार्डं सगळी यातच असतात. लग्नाची, बँकेची, वाढदिवसाची. ग्राफिक्सचं नाहीये."

सरांनी मान उंचावून काउंटरच्या पलीकडे पाहिलं. कारकुनाच्या कोपराशी बुटांच्या खोक्यापेक्षा मोठं एक खोकं होतं आणि त्यावर त्याने चहाचा कप ठेवला होता.

"तुमचा चहा ज्याच्यावर आहे, तेच तर नसेल?"

कारकुनाने कप उचलला, खोक्यावरचं वाचलं, मग सरांकडे पाहिलं. "याला कार्ड म्हणतात?"

"मलाही आत्ताच कळतंय," सर म्हणाले. खिसा रिकामा केल्याचं त्यांनी सांगितलं नाही. पण ते सांगावं लागलं, कारण खोक्यावर मुलाचं नाव होतं आणि वडिलांच्या हाती ते द्यायला ओळखपत्र लागणार होतं.

"ओळखपत्र घरी राहिलंय."

"घरी कसं काय?"

"खिशात जागा करायची होती."

"कशासाठी?"

"या कार्डासाठी."

कारकुनाने हातातला कप बाजूला ठेवला. "म्हणजे हे कार्ड ठेवायला जागा व्हावी म्हणून तुम्ही ते कार्ड घरी ठेवलंत."

"एका अर्थी हो," सर म्हणाले, आणि घरी जाऊन परत आले.

परत आल्यावर कारकुनाला मुलाची फोनवर परवानगी हवी झाली. मुलगा तिकडे नव्या गावी एक कपाट जिन्यावरून वर चढवत होता. फोनमधून आधी कपाटाचा आवाज आला, मग मुलाचा. "द्या हो त्यांना, वडीलच आहेत माझे. अरे, उजवीकडून उचल, उजवीकडून." कारकुनाने हे अर्धं आपल्यासाठी आणि अर्धं हमालासाठी आहे असं धरून खोकं पुढे सरकवलं. सरांनी पोचपावतीवर सही केली आणि सही करता करता वरच्या छापील मजकुरातला एक ऱ्हस्व दीर्घ केला.

"शिक्षक का?"

"कसं ओळखलंत?"

"आमच्या पावतीवर सही सगळेच करतात. गुण तुम्हीच दिलेत."

आता या सगळ्या खटाटोपाचं कारण. कारण अकरा वर्षांचं होतं आणि त्याचं नाव घरात चिंगी. मुलाची बदली झाली होती. मुलगा आणि सून पुढे जाऊन घर लावत होते. चिंगी परीक्षा संपेपर्यंत आजी-आजोबांकडे राहिली होती, आणि तिच्यासोबत तिचा कॉम्प्युटरही. रविवारी सकाळी आईबाप ट्रक घेऊन येणार होते आणि कपाटं, सायकल, कॉम्प्युटर आणि चिंगी असा सगळा ऐवज घेऊन जाणार होते. त्यातलं सायकलीपर्यंतचं सरांनी मनाशी मान्य केलं होतं.

त्या कॉम्प्युटरवर एक खेळ होता. त्यात आपल्याला एक छोटं यान मिळतं आणि सूर्यमालेत हवं तिथे जाता येतं. चिंगीला सूर्यमाला शिकवली होती सरांनीच, स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने. शनी फ्रिजपाशी होता. त्याच्याभोवती सर दरवेळी एक लंबगोल ओढायचे आणि दरवेळी सांगायचे, की ही कडी म्हणजे अखंड तबकडी नव्हे बरं का, हे बर्फाचे आणि दगडांचे असंख्य तुकडे आहेत, प्रत्येक जण आपापल्या वाटेने फिरतोय. हे वाक्य त्यांनी शाळेत इतक्या वर्गांना सांगितलं होतं की ते आता त्यांच्या तोंडून श्वासासारखं येई. एक दिवस चिंगी म्हणाली, "आजोबा, मी तुम्हाला त्या तुकड्यांमधून घेऊन जाते. यानातून." आणि नेमकं त्याच आठवड्यात कॉम्प्युटरमधलं जुनं ग्राफिक्स कार्ड जळालं.

मुलाने जाण्याआधी घाईघाईत ते काढलं, पडद्याची वायर दुसऱ्या कुठल्या तरी पोर्टात खुपसली आणि "तात्पुरतं चालेल" म्हणून तो निघून गेला. चाललं तसं. यानही उडालं. पण शनी पत्र्याच्या चेंडूसारखा दिसू लागला आणि त्याची कडी म्हणजे एक करडी, सपाट थाळी. चित्र आचके देत पुढे सरके. थाळीजवळ जाताच यान थांबे, कॉम्प्युटर घुरघुरे आणि पडदा जागच्या जागी थिजे. चिंगीने तीनदा प्रयत्न केला. मग ती म्हणाली, "राहू द्या आजोबा. तिकडे गेल्यावर बाबा दुरुस्त करतील, तेव्हा फोटो पाठवीन."

सरांना त्या फोटोने फार लागलं. फोटो त्यांच्याकडे पुष्कळ होते. जायचं होतं ते तिच्याबरोबर, आणि रविवारच्या आत. त्यांनी मुलाला फोन करून नवं कार्ड मागवायला लावलं. "बसवणार कोण?" मुलाने विचारलं. "मी," सर म्हणाले, आणि मुलाने पुढचं काही विचारायच्या आत फोन ठेवला.

खोकं दोन्ही हातांवर आडवं धरून, तान्हं मूल आणावं तसं, सर जिना चढत असताना पहिल्या मजल्यावरचे विमावाले भेटले. विमा कंपनीतून निवृत्त झाले असले तरी जगाकडे ते अजून नुकसानभरपाईच्या बाजूनेच पाहत.

"काय आणलंत?"

"कार्ड."

"एवढं? कुणाचं लग्न आहे?"

सरांनी सगळं सांगितलं. विमावाल्यांनी मान हलवली. "लोक शनी टळावा म्हणून धडपडतात आणि तुम्ही त्याला खोक्यात घालून घरी नेताय. बसवताना मोडलं तर कोण जबाबदार?"

"मी."

"ते वाईट. जबाबदार माणूस नेहमी दुसरा असावा."

शनिवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर पसरली गेली. खोक्यातून खोकं निघालं, त्यातून स्पंज, स्पंजातून चंदेरी पिशवी, आणि पिशवीतून ते निघालं. आजी भांडी पुसत होती, ती पुसायची थांबली.

ते काळं होतं, शब्दकोशाइतकं जड, आणि त्याला ओळीने तीन पंखे होते. एका कडेला सोन्याचे दात होते, केसाएवढ्या अंतरावर एकेक, एकही वेडावाकडा नाही. सरांनी हात धुतले, पुसले, परत धुतले. मग भिंग आणलं. पंख्यांच्या फटीतून आत तांब्याच्या नळ्या दिसत होत्या, त्यांच्यामागे पत्र्याची पातळ पानं, आणि त्याही मागे, भिंगातूनसुद्धा धड न दिसणारी, हिरव्या जमिनीवर वसलेली एक नगरी. रस्ते होते, चौक होते, घरांची आळी होती.

"माणसाने केलंय हे," सर हळूच म्हणाले. ते कुणाला उद्देशून नव्हतं.

"आपल्या खोलीत एकच पंखा आहे," आजी म्हणाली. "त्याचाही खटका बदला म्हणून सांगून सांगून थकले मी."

तोवर विमावाले आले होते आणि त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या वीजवाल्यांना बरोबर आणलं होतं. वीजवाले पूर्वी वीज कंपनीत होते. त्यांच्या खिशात टेस्टर असे, जसा सरांच्या खिशात खडू.

"हे एवढं मोठं करतं काय पण?" विमावाल्यांनी विचारलं.

असा प्रश्न विचारलेला सरांना फार आवडे. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "असं बघा. कॉम्प्युटरचा जो मुख्य मेंदू आहे तो म्हणजे वर्गातला एक अतिशय हुशार मुलगा. कसलंही अवघड गणित द्या, सोडवतो. पण पडद्यावर लाखो ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग क्षणाक्षणाला ठरवावा लागतो. हे गणित सोपं आहे, पण किती वेळा करायचं? एकट्या हुशार मुलाला अख्ख्या शाळेची चित्रकला करायला बसवलं तर काय होईल?"

"रडेल," आजी म्हणाली.

"आपला कॉम्प्युटर सध्या रडतोय. तर हे कार्ड म्हणजे एक अख्खी शाळा. साधी मुलं, पण हजारो. प्रत्येकाला चारदोन ठिपके वाटून द्यायचे. सगळ्यांनी एकदम रंगवायचं. झालं चित्र."

विमावाल्यांनी कार्डाकडे नव्या आदराने पाहिलं. "एवढी मुलं कोंडलीत, मग तीन पंखे हवेतच."

"भार किती घेतं?" वीजवाल्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता इमारतीचा मुख्य खटका कुठे आहे ते सगळ्यांना सांगून ठेवलं. पण कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीच्या, मागच्या जाळीतून वीजपुरवठ्याच्या डब्यावरचे आकडे त्यांनी गुडघे टेकून वाचले, कार्डाच्या खोक्यावरचे वाचले, मनात वजाबाकी केली आणि जाहीर केलं, "पेलेल." असं ते आयुष्यात फार थोड्या गोष्टींबद्दल म्हणाले होते.

आता कॅबिनेट सोडवायचं होतं. चिंगी म्हणाली, "आधी आपल्या अंगातली वीज काढून टाकायची. धातूला हात लावून. मी व्हिडिओत पाहिलंय."

"शाबास. का बरं?" सर म्हणाले, आणि कंगवा आणायला उठले.

"आजोबा, कंगवा आणि कागदाचे तुकडे नंतर. मला येतं ते."

सर बसले. पण एका बाबतीत त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांचा एक नियम होता आणि पिढ्यान् पिढ्या मुलं तो घोकून बाहेर पडली होती: जिथून काढलं तिथेच ठेवायचं. त्या नियमामुळे प्रयोगशाळेतला एकही चिमटा हरवला नव्हता. सरांनी कागदाच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर सुबक अक्षरात आकडे घातले, आणि कॅबिनेटच्या पाठीमागे जेवढ्या वायरी होत्या त्या प्रत्येकीला एक आणि ती जिथे घुसली होती त्या पोर्टाला तोच आकडा चिकटवला. पडद्याच्या वायरीला सात नंबर आला. मग त्यांनी वायरी एकेक करून काढल्या आणि ओळीने निजवल्या.

"याला म्हणतात पद्धत," ते चिंगीला म्हणाले.

कॅबिनेट टेबलावर आडवं झालं, झाकण निघालं आणि आतून धुळीचा एक लोळ उठला. आजी फडकं घेऊन धावली, तिला चौघांनी मिळून अडवलं. सरांनी मदरबोर्डावरचा लांब स्लॉट दाखवला.

"हा मदरबोर्ड. सगळं यावरच बसतं."

"आई आहे ना, मग घेईल सांभाळून," आजी म्हणाली आणि फडकं घेऊन दूर उभी राहिली.

कार्ड बसेना. ते लांबीला बोटभर जास्त होतं आणि समोरच्या कप्प्याला अडत होतं. कप्पा रिकामाच होता. तो काढायचं ठरलं. त्याचे स्क्रू काढताना एक स्क्रू आत पडला. विमावाले म्हणाले, हे मी म्हटलंच होतं. त्यांनी तसं म्हटलं नव्हतं. वीजवाल्यांनी विमावाल्यांच्या टॉर्चने आत पाहिलं. सापडेना. मग सर आणि वीजवाले यांनी कॅबिनेट दोन बाजूंनी उचललं, उलटं केलं आणि धान्य पाखडावं तसं हलवलं. आतून एक केसांची पिन पडली, खोडरबराचा अर्धा तुकडा पडला आणि चिंगीचा पूर्वी हरवलेला एक मणी पडला. स्क्रू पडला नाही. सगळे फरशीवर ओणवे होऊन शोधू लागले. टेबलाखालून वीजवाल्यांचा आवाज येत होता, "शॉर्ट होईल, शॉर्ट होईल." अखेर चिंगीने आजोबांच्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. त्याच्या टोकाला लोहचुंबक होतं आणि तिथे स्क्रू मघापासून ऐटीत उभा होता.

"चुंबकत्व," सर उठत म्हणाले.

कार्ड मात्र बसलं. सोन्याचे दात स्लॉटवर टेकले, सरांनी दोन अंगठ्यांनी दाबलं, आणि 'कट्' असा एक आवाज झाला, नेमका, पुरेसा. त्या आवाजाने सरांच्या मनगटापर्यंत समाधान गेलं. केवढ्या दूरच्या कुणी केलेला स्लॉट, कुण्या तिसऱ्याने केलेलं कार्ड, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं, आणि केसाचाही फरक नाही. आत वीज पोचवणारी जाड वायर चिंगीने लावली. तिची बोटं लहान होती. झाकण लागलं. कॅबिनेट टेबलाखाली जागेवर गेलं. दारावर दूधवाला आला, म्हणून चिंगी तिकडे गेली, आणि सर टेबलाखाली शिरले. एकला एक, दोनला दोन, सातला सात. जिथून काढलं, तिथेच.

खोलीचे पडदे ओढले. खुर्च्या आल्या. चिंगीने बटण दाबलं आणि पडदा उजळला, तेव्हा विमावाल्यांनी टाळी वाजवली.

चिंगीने यान सोडलं. शनी आला.

"वा," वीजवाले म्हणाले. "काय लख्ख आहे."

"आधी डोळ्यांना बोचायचं," आजी म्हणाली. "आता बघा कसं मऊ वाटतंय."

"मला तर बर्फ वेगळा दिसतोय, दगड वेगळे," विमावाले म्हणाले.

सर उभे राहिले. त्यांना दिसत होतं. खरोखर दिसत होतं. करड्या थाळीत त्यांना खोली दिसली, कडेला चमक दिसली, आणि एकदा तर तिथे काहीतरी हललंसुद्धा. त्यांनी हातात पट्टी घेतली आणि कड्यांविषयी बोलायला सुरुवात केली. असे ते शाळेतसुद्धा क्वचितच बोलले असतील. विमावाल्यांचा चहा निवाला. कड्यांजवळ जाताना यान थांबलं, पडदा थिजला, तेव्हाही सर म्हणाले, "बघा, त्या भव्यतेपुढे कालसुद्धा थांबल्यासारखा वाटतो," आणि सगळ्यांना ते पटलं.

मंडळी भारावून आपापल्या घरी गेली. आजी कपबशा घेऊन आत गेली. सरांनी पट्टी ठेवली.

"कसं वाटलं?"

"छान आहे, आजोबा," चिंगी म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. हे 'छान आहे' त्यांच्या ओळखीचं होतं. आयुष्यभर ते त्यांनी बाकांवरून ऐकलं होतं. सरांनी फार वेळ घालवलाय, सरांना वाईट वाटू नये, सरांनी आता थांबावं, अशा तिन्ही गोष्टी एकदम मनात असल्या की मुलं मान डोलावतात आणि छान आहे म्हणतात. ते ऐकलं की चांगल्या मास्तराने फळा पुसून पुन्हा सुरुवात करायची असते. पण वर्गातलं मूल उद्या परत येतं. हे उद्या ट्रकमध्ये बसणार होतं, आणि जाताना हेच खोटं 'छान आहे' घेऊन जाणार होतं.

"चिंगे, कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं, हे मी तुला शिकवलंय की नाही?"

चिंगीने कीबोर्डवरची धूळ बोटाने काढली. "तुम्ही रागावाल."

"रागावलो तर पाच मिनिटं रागावेन."

"आजोबा, हे आधीसारखंच दिसतंय. अगदी तसंच. थांबतंसुद्धा तिथेच."

सर खरंच रागावले. पाच मिनिटं नाही, पण त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला, आणि तेवढ्यात त्यांना आपलं सगळं भाषण आठवलं. करड्या थाळीपुढे केलेलं. पट्टीसकट. कानांच्या पाळ्या गरम झाल्या. खोटं ते बोलले नव्हते. त्यांना दिसलंच होतं तसं. इतकी वर्षं जे मनात होतं ते त्यांनी पडद्यावर पाहिलं होतं, आणि पाहुण्यांनी त्यांच्या तोंडून. पडद्यावर फक्त चिंगीने पाहिलं होतं.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस ते खरं धरू. मग कार्ड काय करतंय?"

झाकण उघडलं. कॉम्प्युटर चालू होता. तीनही पंखे स्तब्ध. सरांनी बोटाचं टोक कार्डाच्या पाठीला हळूच लावलं. गार. मातीच्या माठासारखं गार.

"काम करणारा गरम होतो," सर म्हणाले. "हा तर बसून आहे. का बसून आहे? मोडलाय, की त्याला कुणी काम सांगितलंच नाही?"

"कसं कळणार?"

"चित्राला विचारू. पडद्यावर येतं ना ते? मग येतं कुठून? उलट्या दिशेने जाऊ. बोट ठेव वायरीवर."

दोघं टेबलाखाली शिरली. चिंगीचं बोट पडद्यामागून निघालं, वायरीवरून सरकत टेबलाच्या पायाशी आलं, कॅबिनेटच्या पाठीवर चढलं आणि एका पोर्टाशी थांबलं. तिथे सुबक अक्षरात सात लिहिलं होतं. खाली बऱ्याच अंतरावर, नव्या कार्डाच्या कडेला, तशीच दिसणारी पोर्टं ओळीने होती. प्रत्येकावर रबराचं एक छोटं काळं बूच होतं, कारखान्यातून आलं तसं.

"आजोबा," चिंगी हळू आवाजात म्हणाली, "वायर आईला, मदरबोर्डाला, लावलीय. कार्डाला लावलीच नाही."

सर टेबलाखाली मांडी घालून बसले. म्हणजे शाळा भरली होती. हजारो मुलं हात धुऊन, रंग घेऊन बाकांवर बसली होती. आणि कागद मात्र सरांनी पुन्हा त्या एकट्या रडणाऱ्या पोरालाच नेऊन दिला होता, कारण त्याच्याकडून काढला होता म्हणून. मुलाने 'तात्पुरतं' खुपसलेल्या वायरीला त्यांनी आकडा देऊन कायमचं केलं होतं. जिथून काढलं तिथेच. अंधारात त्यांनी सात नंबरच्या पट्टीकडे पाहिलं. अक्षर फार छान आलं होतं.

"माझा नियम चुकला गं," ते म्हणाले.

"चिमट्यांना बरोबर आहे तो," चिंगी समजूत घालत म्हणाली. "बूच मी काढू?"

तिने बूच काढलं. सरांनी सातची पट्टी नखाने खरवडली, वायर उपसली आणि खालच्या पोर्टात घातली. मग दोघं बाहेर आली. पडदा काळा होता. तो काळाच राहिला. आतून आजीने विचारलं, "सर, आता काय मोडलंत?" आणि सरांना प्रथमच त्या हाकेने लांब जाऊन बसावंसं वाटलं नाही, त्यांना ती ऐकूच गेली नाही. कॅबिनेटमधून एक आवाज येत होता. पाखरू पंख झाडतं तसा. तीनही पंखे फिरू लागले होते.

मग शनी आला.

तो पिवळसर होता, पण एक पिवळा नव्हे. सायीपासून मधापर्यंत जेवढे पिवळे असतात तेवढे पट्टे त्याच्या अंगावरून हळूच एकमेकांत मिसळत होते. त्याची सावली स्वतःच्याच कड्यांवर पडली होती आणि तिथे कडी काळोखात बुडून पलीकडे पुन्हा उजेडात निघत होती. फळ्यावर ही सावली काढायला सर कायम विसरले होते. यान पुढे गेलं. थांबलं नाही. लांबून जी तबकडी दिसत होती तिच्या रेषा झाल्या, रेषांच्या आणखी बारीक रेषा झाल्या, मग त्या रेषा दाणेदार झाल्या, आणि दाणे मोठे होऊ लागले. आणि मग तबकडी नव्हतीच. वर, खाली, दोन्ही अंगांनी तुकडे होते. घराएवढे, माठाएवढे, मुठीएवढे, धुळीएवढे. प्रत्येक तुकड्याला उजेडाची एक बाजू होती आणि अंधाराची एक, आणि प्रत्येकाची सावली शेजारच्यावर पडत होती. एक मोठा बर्फाचा खडक अगदी सावकाश, कूस बदलावी तसा वळत खिडकीजवळून गेला. त्याच्या अंगात उन्हाने एक निळी शीर पेटली आणि विझली.

आजी फडकं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. विमावाले टॉर्च राहिला म्हणून परत आले होते, तेही उभे राहिले.

"यात फार गर्दी आहे हो," थोड्या वेळाने विमावाले कुजबुजले. "मघाचंच बरं होतं." पण त्यांनी टॉर्च उचलला नाही आणि ते गेलेही नाहीत.

सर काही बोलत नव्हते. इतके की चिंगीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. तिला वाटलं, अजून रागावलेत.

"आजोबा, सांगा ना काहीतरी."

सरांनी तोंड उघडलं. ते वाक्य आलं, श्वासासारखं, हे बर्फाचे आणि दगडांचे असंख्य तुकडे; ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं, कारण ते सगळे समोरूनच जात होते, एकेक, आपापल्या वाटेने.

"हे खरं असंच असतं का तिथे?" चिंगीने विचारलं.

पडद्याचा उजेड सरांच्या चष्म्यावर दोन छोटे शनी होऊन पडला होता. त्यांनी खुर्ची तिच्या खुर्चीला टेकवली.

"मला माहीत नाही गं," ते म्हणाले. "मीही पहिल्यांदाच आलोय."

"मग घट्ट धरून बसा," चिंगी म्हणाली, आणि तिने यान आत घातलं.